पत्र्याच्या पट्टीवरचा ‘ई ४४’

बंगळूरहून परतल्यापासून जो भेटतो तो मला तिथल्या बागांबद्दल विचारतो. हवा कशी होती, म्हैसूरला जाऊन आलात का, चंदनाचा साबण आणलात का. मी यातलं काहीही केलं नाही. चार दिवसांत मी एकही बाग पाहिली नाही. मी पाहिली ती पत्त्यातल्या पानाएवढी एक पत्र्याची पट्टी, आणि त्या पट्टीपायी एका माणसाचं काय झालं ते. तेव्हापासून डोकं तापलंय, आणि पुण्याला येऊन पंधरा दिवस झाले तरी ते निवालेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. जुन्या अमेरिकन गाड्या हा माझा छंद. म्हणजे गाड्यांचे कागद. स्वतःच्या मालकीची माझ्याकडे एक स्कूटर आहे, तीही किक मारून मारून दमवणारी. पण साठ-सत्तरच्या सुमारास अमेरिकेत मोठ्या इंजिनाच्या, दोन दारांच्या, उभ्या जागी गुरगुरणाऱ्या ज्या गाड्या निघत, ज्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात, त्यांची बरीच माहिती माझ्या कपाटात आहे. तिथल्या एका कारखान्यात प्रत्येक गाडीच्या अंगावर, बॉनेटखाली, पत्र्याची पट्टी स्क्रूनं बसवत. त्या गाडीला कोणतं इंजिन, कोणता रंग, कसल्या सीट, रेडिओ आहे की नाही, सगळं त्या पट्टीवर अक्षरांत आणि आकड्यांत ठोकलेलं असे. ओहायोतला एक निवृत्त कामगार गेली आठ वर्षं मला त्या खुणांच्या याद्यांच्या झेरॉक्स पाठवतोय. बदल्यात मी त्याला आपल्या पोस्टाची तिकिटं पाठवतो.

याच विषयावरचं माझं एक पत्र एका मोटारींच्या मासिकात छापून आलं. ते वाचून बंगळूरच्या राजशेखर नावाच्या गृहस्थांनी मला लिहिलं. त्यांच्या वडिलांनी त्र्याहत्तर साली एका परत जाणाऱ्या अमेरिकन इंजिनीयरची गाडी घेतली होती. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता. त्याआधी मी येऊन पट्टी वाचावी आणि गाडी काय आहे ते कागदावर लिहून द्यावं, अशी विनंती. सोबत रेल्वेचं तिकीट. मी आनंदानं रजा टाकली.

राजाजीनगर, गुरुवार

उतरलो ते माझ्या आतेबहिणीकडे, सुलूअक्काकडे. तिच्या सासरचं घराणं तीन पिढ्या बंगळूरचं. नागेशभावजींचं चिकपेटेत कापडाचं दुकान. घरात मराठीच बोलतात, पण ती मराठी पुण्याच्या माणसानं दोनदा ऐकावी लागते.

“किती वाळलास की रे माधू! तिकडं जेवण घालीत नाहीत काय? बस स्वल्प, कॉफी आणते.”

घर शोधायला मला तासभर लागला होता. आमच्याकडे पत्ता म्हणजे मारुतीच्या मागे, पिठाच्या गिरणीवर. इथे पत्ता म्हणजे गणित. ब्लॉक, मग मेन म्हणजे मोठा रस्ता, मग क्रॉस म्हणजे आडवा रस्ता. रिक्षावाल्यानं मला सातव्या क्रॉसला सोडलं ते भलत्याच मेनवर, आणि तिथेही त्याच नंबराचं, त्याच निळ्या रंगाचं घर. मी फाटक उघडून आत गेलो, बॅग ठेवली, चपला काढल्या आणि एका अनोळखी आजींना वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला, पाणी दिलं, आणि मग शांतपणे कन्नडमध्ये मी कोण ते विचारलं. पुण्यात असा शिरलो असतो तर पाणी मिळालं नसतं, एवढं कबूल करायला हवं.

सुलूअक्कानं उप्पिट्टु केलं होतं. उप्पिट्टु म्हणजे आपला उपमाच, पण वर नारळ सढळ हातानं. कॉफी पितळी वाटीत पेला उपडा घालून. कॉफीबाबत मी बंगळूरशी भांडणार नाही.

जे. पी. नगर

दुपारी राजशेखरांकडे गेलो. चाळिशीचे, इस्त्रीच्या शर्टातले, आर्जवी बोलणारे. कॉफीच्या मळ्यावर वाढलेली माणसं. दिवाणखान्यात वडिलांचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार. फोटोत वडील एका गडद हिरव्या गाडीला टेकून उभे. लांब नाक, आखूड शेपूट, काळं छत. गाडी पाहून मी कप खाली ठेवायला विसरलो.

“अप्पा सगळ्यांना सांगायचे,” राजशेखर म्हणाले, “म्हैसूर संस्थानात असं दुसरं इंजिन नाही. चारशे चाळीस क्यूबिक इंच. सगळ्यांत मोठं.”

आमचं बोलणं इंग्रजीत आणि अधूनमधून हिंदीत चाललं होतं. मी मराठीत देतोय.

“चारशे चाळीस? मग तर फारच दुर्मीळ.”

“होतं,” ते म्हणाले. “एकोणऐंशी साली गाडी इंजिनकामाला टाकली. दीड महिना मेस्त्रीकडे होती. परत आल्यावर मद्रासचे एक जाणकार पाहुणे आले, त्यांनी बॉनेट उघडलं आणि हसले. म्हणाले, हे धाकटं इंजिन आहे. तीनशे अठराचं. मेस्त्रीनं मोठं काढून विकलं होतं आणि कुठलं तरी धाकटं बसवून दिलं होतं. कुणी म्हणतं मद्रासला गेलं, कुणी म्हणतं मंगळूरला मासेमारीच्या बोटीवर बसवलं.” मग हसून: “वाईट वाटून घेऊ नका, पण मेस्त्री तुमच्यातलाच. मराठी.”

आणि मी वाईट वाटून घेतलं. मान खाली घातली. “असतात असे लोक,” म्हणालो. एका न पाहिलेल्या माणसाबद्दल, बिस्किट खाताखाता. आज ते वाक्य आठवलं की माझंच तोंड रंगवावंसं वाटतं.

त्यांना माझ्याकडून हवं होतं ते एवढंच: पट्टीवर मोठ्या इंजिनाची खूण आहे असं लिहून द्यायचं. म्हणजे मेळाव्यात सांगता येईल की गाडी अस्सल आहे, फक्त तिचं इंजिन चोरलं गेलंय.

सर्जापूर रोड, शुक्रवार

गाडी त्यांच्या शेतावर होती. गाव सुटलं की सर्जापूर रोडला दोन्ही बाजूंना निलगिरी, नाचणीची शेतं, पेरूच्या बागा. मधूनच एखादी पाटी: इथे घरं होणार. कोण येणार इथं राहायला, असं मनात आलं. वाटेत राजशेखरांनी गाडी थांबवून तिखटमीठ लावलेले पेरू घेतले. माणूस आतिथ्यात कुठेही कमी नव्हता, हे सांगितलंच पाहिजे.

पत्र्याच्या शेडमध्ये राखणदारानं ताडपत्री ओढली. गाडीचं मी वर्णन करत बसत नाही. पंचवीस वर्षांची झाली तरी ती उभी होती ती आत्ता झेप घेईल अशी.

पट्टी डाव्या मडगार्डच्या आतल्या अंगाला होती, दोन स्क्रूंवर. तीनदा रंग बसलेला आणि खालच्या भागावर डांबरासारखा काळा थर. मी टूथब्रश, थिनर, कापूस, भिंग काढलं. अशी पट्टी खालून वर वाचायची असते. पहिली, महत्त्वाची ओळ तळाशी. पण तळ डांबरानं भरलेला, म्हणून आधी वरच्या ओळी मोकळ्या झाल्या. त्याच वाचायला लागलो.

“सी ५५,” मी म्हणालो. “पुढे दोन सुट्या सीट.”

राजशेखरांनी दार उघडून पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहत होते. “बरोबर!”

“एच ५१. एअरकंडिशनर.”

“आहे! आता चालत नाही, पण आहे!”

“व्ही १ एक्स. काळं व्हिनाइलचं छत. आर ११, रेडिओ.”

ते लहान मुलासारखे खूष झाले होते. मीही. त्या अमेरिकन इंजिनीयरनं कुठल्या तरी दुकानात बसून यादीवर एकेक खूण केली असणार आणि ती सगळी पसंती इथे, पेरूच्या बागेत, आमच्यासमोर उभी होती. खालच्या ओळीकडे सरकलो. “ईएफ ८. गडद हिरवा, चकाकीचा.” राजशेखरांनी टाळी वाजवली.

तळाच्या ओळीचा थर निघायला पाऊण तास गेला. आधी एक ‘ई’ उघडा पडला. मग आकडे. मी भिंग जवळ नेलं. पुसलं. परत पाहिलं.

ई ४४.

मोठ्या इंजिनाची खूण वेगळी असते. ई ४४ म्हणजे तीनशे अठरा. धाकटं. त्याच्या शेजारी गिअरबॉक्सची खूण, तीही धाकट्या इंजिनाबरोबर येते तीच. त्याच ओळीत गाडीचा नंबर, त्या नंबरातलं पाचवं अक्षर इंजिनाचं असतं, तेही धाकट्याचं. डॅशबोर्डवर काचेतून दिसणारा नंबर ताडून पाहिला. एकच.

मी पोतं मागितलं, ते अंथरून गाडीखाली सरपटलो. त्या काळात इंजिनाच्या अंगावरही गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे ठोकत. इंजिनाखालच्या तेलटाकीच्या वरच्या कडेचं वीस वर्षांचं ग्रीस खरवडायला लागलो. दरम्यान लाल मुंग्यांना माझा पत्ता लागला. मानेत, कानामागे, शर्टात. पण मी हललो नाही, कारण ग्रीसखालून एकेक आकडा वर येत होता आणि प्रत्येक आकडा पट्टीवरचाच होता.

बाहेर आलो. मानेवर गांधी उठल्या होत्या.

“राजशेखर, हे इंजिन बदललेलं नाही,” मी म्हणालो. “गाडी कारखान्यातून याच इंजिनावर निघाली. मोठं इंजिन हिच्यात कधी नव्हतंच.”

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अप्पा म्हणायचे...”

“अप्पांना विकणाऱ्यानं सांगितलं असेल. किंवा अप्पांनी समजून घेतलं असेल. त्यांना कुणी फसवलं असेल तर त्र्याहत्तर साली. एकोणऐंशी साली कुणीही काहीही चोरलेलं नाही.”

ते शेडच्या दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, माणूस हादरलाय. आता विचारेल, त्या मेस्त्रीचं काय करायचं. ते वळले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “मिस्टर माधव, तुम्ही असं लिहा की पट्टी गंजलीय, वाचता येत नाही. खोटं लिहा म्हणत नाही मी. फक्त एवढंच. अप्पांचा शब्द आहे. सगळं बंगळूर ओळखतं त्यांना.”

“आणि मेस्त्रीला कोण ओळखतं?”

“जुनी गोष्ट आहे ती. तो आहे की नाही तेही माहीत नाही. तुम्ही परत विमानानं जा, मी व्यवस्था करतो.”

विमानानं! माझे कान तापले. काल मी मान खाली घातली होती तिचा सगळा राग आत्ता वर आला. म्हणालो, “मेस्त्रीचं नाव काय?”

त्यांनी सांगितलं नाही. शेताच्या राखणदारानं सांगितलं, ताडपत्री परत घालताना, हळूच: पांडुरंग मेस्त्री. राजाजीनगर.

राजाजीनगर, पुन्हा

संध्याकाळी सुलूअक्कानं मानेला हळद-तेल लावलं आणि समोर बिसी बेळे भात ठेवला. मला घास जाईना. तिनं विचारलं म्हणून सगळं सांगितलं. पांडुरंग मेस्त्री हे नाव येताच नागेशभावजींचा हात ताटात थांबला.

“आहे की तो,” ते म्हणाले. “इथंच. दोन क्रॉस पलीकडं.”

“तुम्ही ओळखता?”

“ओळखत होतो. आमची व्हॅन त्याच्याकडंच टाकत होतो.” ते पाणी प्याले. “ते झालं, मग बंद केलं. सगळ्यांनीच केलं. गणपतीच्या मंडळात खजिनदार होता तो. त्यालाही काढलं. मीच बोललो होतो मीटिंगीत.”

“भावजी, तुम्ही ते इंजिन बघितलं होतं?”

“मला काय कळतं रे इंजिनातलं.”

“मग?”

सुलूअक्का म्हणाली, “मोठा माणूस बोलतोय म्हणजे खरंच असणार, असं वाटलं आम्हाला.” मी ताट बाजूला सारलं. उपाशी उठलो, तेही ज्या घरात पाहुणा त्याच घरात. माझी आई असती तर मला ओरडली असती. पण मला राहवलं नाही.

शनिवार

सकाळी नागेशभावजी स्वतःच कोट घालून तयार होते. “मीही येतो. सरी, ठीक ना?” एवढंच म्हणाले.

दोन खोल्यांचं घर. दारात रांगोळी. मेस्त्रींच्या मुलीनं, शोभानं, दार उघडलं. तिशीच्या आतली, कुठल्याशा ऑफिसात टायपिस्ट. नागेशभावजींना पाहून तिचा चेहरा दगडासारखा झाला.

पांडुरंग मेस्त्री आत खाटेवर बसून एका सायकलच्या डायनॅमोची वायर सोलत होते. पासष्टीचे, निपाणीकडचे; हाताची बोटं जाड आणि नखं कापलेली, स्वच्छ. मी नमस्कार केला, कोण ते सांगितलं, आणि गाडीचं नाव काढलं. त्यांनी वायर खाली ठेवली.

“त्या गाडीचं माझ्याशी बोलू नगा.”

“मेस्त्री, मी पट्टी वाचली तिची. इंजिन पहिल्यापासून तेच आहे. तुम्ही बदललेलं नाही.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल, हात जोडतील. त्यातलं काही झालं नाही. त्यांचा आवाज चढला.

“हे तुमी मला सांगताय? मी बदललं न्हाई हे मला ठाऊक न्हाई व्हय? सतरा वर्सं ठाऊक हाय मला! मी त्यांना सांगितलं होतं, इंजिन ज्यांच्यावर टेकतं ते खालचे माऊंट बघा. मोठं इंजिन त्या माऊंटवर बसतच न्हाई, खालचा आडवा क्रॉसमेंबरच येगळा लागतो. आडवं व्हऊन बघा म्हणालो, पाच मिंटाचं काम. मालकांनी धोतर सावरलं आणि म्हणाले, मी तुझ्यासाठी मातीत लोळू काय?”

सतरा वर्षं. आणि मी कालच त्या मातीत लोळून आलो होतो. मुंग्या सोडल्या तर काही झालं नव्हतं मला.

“दोन दिवस चौकीत बसवलं,” शोभा म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. “सापडलं काहीच नाही, मग सोडलं. पण गॅरेजमध्ये कुणी येईना. सहा महिन्यांत जागा सोडावी लागली. मग दुसऱ्यांच्या शेडमध्ये, दुसऱ्यांच्या नावावर काम. शाळेत मुलं मला ‘इंजिन कळ्ळ’ म्हणायची. कळ्ळ म्हणजे चोर, माहीत आहे ना? तीन किलोचा कुकर उचलताना दमणारी मी, मला म्हणायचे, तुझ्या घरात लपवलंय का इंजिन?” मग नागेशभावजींकडे वळून: “तुमच्या घरातलीही होती त्यात, अण्णा.”

नागेशभावजी खाली बघत म्हणाले, “चुकलं अक्का.” वयानं ते तिच्या वडिलांएवढे. तरी अक्का म्हणाले.

मी कागद काढला. पट्टीवरची प्रत्येक खूण, तिचा अर्थ, इंजिनावरचा नंबर, खाली माझी सही. तो मी मराठीत लिहिला होता. मेस्त्रींनी चष्मा लावून सावकाश, बोट फिरवत वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“हे मराठीत कुणाला दावू मी?” ते म्हणाले. “माझ्या गल्लीत मला चोर म्हणाले ते कन्नडात म्हणाले. कन्नडात लिवून द्या.”

नागेशभावजींचं कन्नड अक्षर मोत्यासारखं. त्यांनी तिथेच, मेस्त्रींच्याच टेबलावर, दीड तास बसून पूर्ण कागद कन्नडमध्ये उतरवला. शोभानं मध्येच तिघांना कॉफी आणून ठेवली. भावजींचा पेला तिनं थोडा लांब ठेवला, पण ठेवला.

निघताना मी रविवारच्या मेळाव्याचं सांगितलं. मेस्त्री म्हणाले, “मला नगं तमाशा.” शोभा म्हणाली, “तमाशा त्यांनी केला होता अप्पा. आपण फक्त जायचं.”

रविवार

मेळावा एका शाळेच्या मैदानावर. चाळीसेक गाड्या, टोप्या घातलेली माणसं, इडलीची मोठी पातेली. आमच्या पुण्यात अशा ठिकाणी भाषणं होतात. इथे लोक मुकाट्यानं इडली खात बॉनेटखाली डोकी घालत होते. मला ती पद्धत आवडली असती, दुसऱ्या कुठल्याही दिवशी.

हिरवी गाडी धुऊन पुसून मध्यभागी उभी होती. तिच्यासमोर स्टँडवर रंगवलेली पाटी. पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं: इंजिन ४४०, मूळ इंजिन मेकॅनिकनं चोरलं, १९७९.

मी दोन दिवसांपूर्वी त्या माणसाला पट्टी वाचून दाखवली होती. भिंग त्याच्या हातात दिलं होतं. आणि तरीही त्यानं सकाळी उठून, दाढी करून, ही पाटी आणून इथे उभी केली होती. माझ्याबरोबर आलेल्या शोभानं ती पाटी वाचली आणि शेजारी उभ्या वडिलांना काय लिहिलंय ते सांगितलं, एक शब्दही न गाळता.

मेळाव्याचे प्रमुख एक निवृत्त फौजी अधिकारी होते, सगळे त्यांना कर्नल म्हणत. मी सरळ त्यांच्यापुढे गेलो आणि माझी यादी त्यांच्या हातात दिली. माझा आवाज फारच चढला असावा, कारण इडल्या घेणारे लोक वळून बघायला लागले.

“कर्नल, ही पाटी खोटी आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही स्वतः वाचा.”

“मिस्टर माधव, ही जागा नव्हे...” राजशेखर म्हणाले.

“बॉनेट उघडा,” कर्नल म्हणाले.

“कर्नल, अप्पांना तुम्ही ओळखत होता.”

“ओळखत होतो. बॉनेट उघडा.”

कर्नलांनी वाकून पट्टी पाहिली, यादीतली ओळ पाहिली, परत पट्टी पाहिली. मग त्यांनी अंगातला ब्लेझर काढून मडगार्डवर टाकला, गाडीखाली आडवे झाले आणि टॉर्च मागितला. त्या वयात. पांढऱ्या शर्टात. तीस-चाळीस माणसं गोल करून उभी होती. माझ्या बाजूला पांडुरंग मेस्त्री उभे होते. सतरा वर्षांपूर्वी ज्या एका गोष्टीसाठी ते विनवत होते, ती आत्ता त्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस करत होता, आणि त्याला खरंच पाच मिनिटंच लागली.

कर्नल उठले. पाठीला धूळ. “नंबर तोच आहे,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “माऊंटही मूळचे. या गाडीला मोठं इंजिन कधीच नव्हतं.” त्यांनी पाटी उचलली आणि राजशेखरांच्या हातात उलटी करून दिली. “आणि तो मेकॅनिक?”

“तो मी,” मेस्त्री कन्नडमध्ये म्हणाले.

राजशेखरांनी गर्दीत त्यांना तेव्हा कुठे पाहिलं. चेहरा उतरला. ते पुढे आले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. मी हातभर अंतरावर होतो, मला ऐकू आलं. मेस्त्रींनाही आलं असणार.

“केळिस्लिल्ला,” मेस्त्री म्हणाले. “जोरागि हेळि.” ऐकू आलं नाही. जोरात सांगा.

राजशेखरांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणीही मदतीला आलं नाही. कर्नल ब्लेझर झटकत होते. मग राजशेखर म्हणाले, मोठ्यानं, आवाज फाटत: “तप्पायितु मेस्त्री. नम्मप्पंदे तप्पु.” चूक झाली. आमच्या वडिलांचीच चूक.

मेस्त्रींनी मान हलवली. माफ केलं असं म्हणाले नाहीत. राजशेखरांनी पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही. गाडीकडेही वळून पाहिलं नाही. कुणीतरी त्यांना इडलीची बशी देऊ केली, ती त्यांनी शोभाला दिली.

माझा राग तरीही गेला नाही, जायचं कारणही नव्हतं. दोन वाक्यं. सतरा वर्षांना दोन वाक्यं, तीही दुसऱ्यांदा विचारल्यावर.

माझी रेल्वे संध्याकाळची होती. रिक्षात मेस्त्री, शोभा आणि मी. घराकडे वळायच्या आधी मेस्त्रींनी रिक्षावाल्याला सरळ जायला सांगितलं. राजाजीनगरच्या एका बाजाराच्या रस्त्यावर ते उतरले. “हितं माझं गॅरेज होतं,” ते म्हणाले. आता तिथे भांड्यांचं दुकान होतं.

त्यांनी खिशातून कन्नड कागद काढला, घडी उलगडली आणि शेजारच्या किराणा दुकानात शिरले. दुकानदार म्हातारा होता, त्यांना ओळखत होता, हे त्याच्या दचकण्यावरून कळलं. मेस्त्रींनी कागद काउंटरवर ठेवला, दोन्ही कडा तळहातांनी सपाट केल्या आणि म्हणाले, वाचा. दुकानदारानं गिऱ्हाइकाला थांबवलं, चष्मा शोधला आणि वाचायला लागला. मेस्त्री समोर उभे राहिले, त्यानं शेवटची ओळ वाचेपर्यंत. मग कागद उचलला आणि पुढच्या दुकानात गेले. सायकलवाला. मग पुढचं, गिरणी. शोभा दोन पावलं मागे.

तिसऱ्या दुकानापर्यंत मी बरोबर होतो. रस्ता लांब होता, दोन्ही बाजूंना दुकानं होती, आणि माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी हात केला. शोभानं केला. मेस्त्रींनी पाहिलं नाही. ते चौथ्या दुकानाची पायरी चढत होते.